बिऱ्हाड हलविताना हवेचा विचार

नोकरीची वर्षे संपत आली, मुलांची शिक्षणे मार्गी लागली, म्हणजे 'यापुढे राहावयाचे कोठे?' हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढे उभा राहतो. मुंबईच्या दमट हवेने ज्यांचे अंग वर्षानुवर्षे चिकट राहिले, किंवा नागपूरच्या वैशाखाने ज्यांस भर दुपारी दारे लावून बसविले, अशी मंडळी सगळे ऋतू येतात खरे, पण कोणताच ऋतू जिवावर उठत नाही असा गाव शोधू लागतात. अशा वेळी पुणे, नाशिक, सातारा, बेळगाव या नावांबरोबर आमच्या कोल्हापूरचेही नाव निघते. कोल्हापूरकर या नात्याने आम्हांस त्याचा आनंद वाटतो. परंतु राहते घर विकून, देव्हाऱ्यासह सारा संसार उचलून येणाऱ्या माणसास आमच्या अभिमानाचा काय उपयोग? त्यास हिशेब पाहिजे. तो हिशेब कसा मांडावा, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम ऋतू किती, हेच ठरविले पाहिजे. युरोपातील लोक चार ऋतू मानतात. आपली शास्त्रे सहा सांगतात, आणि घरातल्या बोलण्यात मात्र उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तीनच असतात. १८७५ साली स्थापन झालेले आपल्या देशाचे हवामान खाते वर्षाचे चार भाग पाडते: जानेवारी-फेब्रुवारीचा हिवाळा, मार्च ते मे हा उन्हाळा, जून ते सप्टेंबर हा मोसमी पावसाचा काळ, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा पाऊस परतल्यानंतरचा काळ. घर शोधणाऱ्याने हीच वाटणी धरावी असे आम्हांस वाटते; कारण यांतील चौथ्या भागाचा सर्वांस विसर पडतो. पाऊस गेलेला, जमीन ओली, ऊन कडक, डबक्यांत डास झालेले, असा ऑक्टोबर महिना पुष्कळ घरांत अंथरुणे घालावयास लावतो. वाग्भटाने एका ऋतूचा शेवटचा आठवडा व पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून चौदा दिवसांस ऋतुसंधी म्हटले आहे, आणि त्या दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा असे सांगितले आहे. ज्या गावात ऋतू चार, तेथे हे सांधेही चार, ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी.

चारही ऋतू निर्मळ सुखाचे असलेला गाव मुळात आहे काय? इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने काढले होते. हिवाळ्यात ते मुंबईस राहत, उन्हाळ्यात महाबळेश्वरी जात आणि पावसाळ्यात पुण्यास येत. सारा इलाखा हाताशी असूनही त्यांस बाराही महिने सुखाचा एक गाव सापडला नाही; वर्षातून तीनदा बिऱ्हाड हलवावे लागले! मग तुमच्या-आमच्यासारख्या एका घराच्या धन्याने 'उत्तम हवेचा गाव' शोधीत बसण्यात अर्थ नाही. कोणत्या गावाची कोणती वाईट हवा आपल्या घरास सोसेल, एवढेच त्याने पाहावयाचे असते.

आपल्या वैद्यकाने देशाचे तीन प्रकार मानले आहेत. जेथे पाणी व ओल फार तो आनूप, जेथे ती थोडी व वारा-ऊन फार तो जांगल, आणि दोहोंच्या मधला तो साधारण; राहण्यास साधारण देश चांगला. हे तिन्ही देश पाहावयाचे असतील तर कोल्हापूर जिल्ह्याबाहेर जावयास नको. शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर गगनबावडा आहे; तेथे वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो १,००० मिलिमीटरांच्या आसपास येतो, आणि पूर्वेस शिरोळकडे गेले म्हणजे त्याच्याही निम्म्याच्या जवळपास उतरतो. कारण उघड आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगर चढताना आपले बहुतेक पाणी टाकून मोकळे होतात, आणि पलीकडच्या प्रदेशास उरलेसुरले मिळते. म्हणून सह्याद्रीच्या पूर्वेस गाव निवडताना नकाशावर आधी एकच गोष्ट पाहावी: घाटमाथ्यापासून तो किती दूर आहे? पाच-दहा कोसांनी हवेचा स्वभाव पालटतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. एप्रिल महिन्यात दुपारचा पारा सरासरीने ३७ अंशांच्या आसपास जातो. नागपुरास मे महिन्यात तो बेचाळीसच्या वर असतो. शिवाय आमच्याकडे सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि चैत्र-वैशाखात वळीव येतो. तासाभरात धुळीचा लोट, गडगडाट, कधी गारा, आणि मग मातीचा तो वास! त्या रात्री पंखा बंद करून निजता येते. पापड-कुरडयांस लागणारे ऊनही याच दिवसांत मिळते. मात्र वाळवण टाकलेल्या गृहिणीने दुपारी चारनंतर आभाळाकडे एक डोळा ठेवलेला बरा. जून लागला की पारा झपाट्याने उतरतो. हिवाळ्यात पहाटे तो पंधरा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे शाल पुरते, शेगडी लागत नाही. त्या दिवसांत भोवतालच्या खेड्यांत गुऱ्हाळे चालू होतात. नोव्हेंबरच्या ९ ते ११ व जानेवारीअखेर ३१ पासून २ फेब्रुवारीपर्यंत श्रीअंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. या दोन किरणोत्सवांमधले जे दिवस, तोच कोल्हापूरच्या हवेचा सर्वांत सुखाचा काळ, असे आम्ही पाहुण्यांस नेहमी सांगतो.

येथपर्यंत जमेची बाजू झाली. आता खर्चाची. पंचगंगेस मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या त्या पश्चिमेकडील मुसळधार पावसाच्या मुलखातून येतात. म्हणजे पाऊस गगनबावड्यास पडतो आणि पाणी आमच्या दारी येते! आपण साधारण देशात राहतो या समाधानात असणाऱ्यास आनूप देशाचे पाणी असे गाठते. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. त्यापूर्वी २००५ सालीही मोठा पूर आला होता. या पुरांत दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा भागांतील घरांत पाणी शिरले. २०१९ साली पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि दूध व पेट्रोल यांची टंचाई झाली. त्याच वेळी शहराच्या उंच भागातील घरे कोरडी होती. तेव्हा 'कोल्हापूरची हवा कशी?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेठेची, कोणत्या गल्लीची, असे विचारावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. त्या जुन्या लोकांनी पाण्याजवळचे, पण उंचवट्यावरचे ठिकाण निवडले होते. आजच्या जागेच्या जाहिरातींत नदीचे दृश्य दाखवितात, उंचवटा दाखवीत नाहीत.

इतर गावांचीही अशीच दुसरी बाजू असते. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरांवरील पन्हाळा शहराहून सुमारे ४०० मीटर उंच आहे. उंची हजार मीटर वाढली की पारा साधारण सहा-साडेसहा अंश उतरतो. या हिशेबाने पन्हाळ्यास दोन-अडीच अंशांचा गारवा मिळतो. उन्हाळ्यात तो अमृतासारखा वाटतो. पण आषाढ-श्रावणात तेथे धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत, आणि रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले तर ओला घाट उतरून शहर गाठावे लागते. करवीर राज्याची राजधानी १७८२ च्या सुमारास पन्हाळ्याहून कोल्हापुरास खाली आली, हेही येथे आठवावे. महाबळेश्वरी पावसाचे मान ५,५०० मिलिमीटरांहून अधिक आहे; पूर्वी तेथे पावसाळ्याआधी घरे गवताने झाकून घेत. जवळच्या पाचगणीस पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणूनच तेथे शाळा व आरोग्यधामे वाढली. मिरजेजवळ वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले ते या कोरड्या पूर्वपट्ट्यातच. बेळगाव आमच्याहून उंच व थंड, पण पावसाची झिमझिम व ओल अधिक. पुणे व नाशिक येथे पाऊस बेताचा, पण हिवाळ्याच्या पहाटे आमच्याहून बोचऱ्या. ज्याचे सांधे थंडीत धरतात त्याने जानेवारी पाहावा, ज्यास दम्याचा त्रास आहे त्याने जुलै पाहावा.

आता या विषयातील आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घर कोठे करावयाचे हे बहुधा कोण ठरवितो? मिळवता पुरुष, किंवा परगावी असलेला मुलगा. आणि त्या गावच्या हवेत चोवीस तास राहावयाचे कोणास? म्हाताऱ्या सासूबाईंस, घर सांभाळणाऱ्या सुनेस आणि रांगत्या मुलास! समजा, एका घरात सत्तरीच्या आजीबाईंस दमा आहे, थोरले चिरंजीव पुण्यास नोकरीवर आहेत, धाकटे गावातच आहेत. थोरल्यांनी मे महिन्यात डोंगरावरचा बंगला पाहिला, थंड वाऱ्याने प्रसन्न होऊन विसार दिला. जुलैत भिंतींस बुरशी आली. आता आजीबाईंची रात्र बसून जाते, धाकट्या सूनबाई ओले कपडे विस्तवाजवळ धरून वाळवितात, आणि थोरले चिरंजीव रविवारी येऊन 'हवा काय छान आहे!' म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण ज्या महिन्यात आणि ज्या माणसासाठी पाहावयाचे, त्यांपैकी एकही त्यांनी पाहिले नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी आईवडिलांस कायमचे तिकडे नेतानाही हाच विचार करावा. टोरोंटो किंवा बोस्टन येथे चार ऋतू स्पष्ट व देखणे असतात यात शंका नाही. पानगळीचे रंग पाहून आलेली मंडळी ते वर्णन करताना थकत नाहीत. परंतु तेथील जानेवारीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या खाली असते, आणि मुले कामावर गेल्यावर बर्फाकडे पाहत घरात बसावयाचे असते ते आईवडिलांस. ज्यांनी आयुष्यभर सकाळी देवळापर्यंत पायी फेरी घातली, त्यांस चार महिने उंबरठा ओलांडता न येणे ही थंडीहूनही मोठी शिक्षा होय.

तेव्हा आमची सूचना अशी की, जुने घर विकण्यापूर्वी नव्या गावी भाड्याने बिऱ्हाड करावे, आणि ते त्या गावच्या वाईट महिन्यात करावे. डोंगरावर किंवा नदीकाठी राहावयाचे असेल तर आषाढ-श्रावणात, पूर्वेकडील कोरड्या गावी राहावयाचे असेल तर वैशाखात. नव्या हवेत शरीर रुळावयास दोन आठवडे तरी लागतात, म्हणून महिनाभर राहावे. घरातील सर्वांत नाजूक प्रकृतीचे माणूस बरोबर न्यावे. त्यास वगळून केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे काय ते पाहावे. रंग नवा असला तर शेजाऱ्यास विचारावे, दूधवाल्यास विचारावे. पश्चिमेच्या भिंतीस हात लावून ओल पाहावी. पावसात रस्ता बंद झाला तर डॉक्टर कोठून येईल, हे विचारून घ्यावे. हवामान खात्याचे आकडे अवश्य पाहावेत. परंतु सरासरी ही पुष्कळ वर्षांची असते आणि पूर एका आठवड्यात येऊन जातो, हे विसरू नये.

कोणी म्हणेल की, इतका विचार केला तर बिऱ्हाड कधी हलणारच नाही. तसे नाही. पुष्कळ वेळा हलविणेच हिताचे असते; कधी गाव न बदलता नुसती गल्ली बदलून, किंवा तळमजला सोडून वरच्या मजल्यावर गेल्यानेही काम भागते. आणि कधी विचाराअंती असेही ठरते की, आजीबाईंस पावसाळ्याचे चार महिने पूर्वेकडच्या लेकीकडे किंवा भाच्याकडे पाठवावे व घर आहे तेथेच ठेवावे. गव्हर्नरास तीन बंगले लागले. आपल्या एकत्र कुटुंबांस तशी सोय नात्यांच्या रूपाने पूर्वीपासून आहे. मात्र काहीही ठरवावयाचे ते आजीबाई व सूनबाई यांस बैठकीत बसवून, त्यांचे ऐकून ठरवावे. त्या घरात बाराही महिने राहणार आहेत. त्यांच्या होकारावाचून विसाराची रक्कम कोणी देऊ नये.