खारी हवा ग्राउट खात नाही

दिवेआगरात कुणी पाहुण्यांसाठी दोन खोल्या वाढवायला काढल्या की बाथरूमच्या भिंतीशी येऊन, टाइल्सचे सांधे कशाने भरायचे इथे, गाडी अडते. मिस्त्री, दुकानदार, शेजारी सगळे एका सुरात सांगतात, ‘इथली हवा खारी. साधं ग्राउट ती वर्षभरात खाते. भिंतीलाही एपॉक्सीच घाला.’ एपॉक्सी साध्या, सिमेंटच्या ग्राउटच्या कितीतरी पट महाग; तरी मालक भीतीपोटी हो म्हणतो.

खाऱ्या हवेने घराचं नुकसान होतं, हे खरंच. पण ती खाते लोखंड. हवेतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. टाइल्सच्या सांध्यातल्या ग्राउटमध्ये लोखंड नसतंच. खात्री हवी असेल तर ‘आयएस ४५६ : २०००’ हे भारतीय मानक पाहा. काँक्रीट कालवायच्या पाण्यात लिटरमागे किती क्लोराइड चालेल? सळई असेल तर ५०० मिलिग्रॅम, नसेल तर २०००. ही चौपट सवलत सळई नसते म्हणूनच आहे. मानकही नको असेल, तर स्वतःच्या पडवीतली फरशी बघा. समुद्रावरचा वारा पडवीत येतो, बंद बाथरूममध्ये नाही. मग सांधे बाथरूमचेच का रिकामे होतात?

कारण बाथरूममध्ये ॲसिडची बाटली असते. विहिरीचं पाणी क्षारयुक्त असेल तर टाइल्सवर पांढरे ओघळ धरतात, पाहुणे यायच्या आधी ते निघायला हवेत, म्हणून भिंतीवर ॲसिड ओतलं जातं. ते ओतताना एकदा नीट पाहा. टाइलच्या चकचकीत पृष्ठभागावरून ॲसिड नुसतं ओघळतं, सांध्यावर मात्र बारीक फेस येतो. त्या फेसाबरोबर सिमेंटमधला चुना विरघळून पाण्यावाटे मोरीत जातो. असं दर आठवड्याला केलं की सांधा टाइलच्या कडेपेक्षा खोल जातो, नख फिरवलं तर अडकतं. त्याच ॲसिडच्या वाफेने नळ काळवंडतात, आणि त्याचंही खापर समुद्रावर! एपॉक्सीला हे ॲसिड सहसा बाधत नाही, म्हणून ते टिकतं. लोक निष्कर्ष काढतात तो हवेचा.

मग भिंतीला काय घालावं? सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा आणि पॉलिमर मिसळलेलं, वाळू नसलेलं सिमेंट ग्राउट घ्या. पिशवीवर ‘सीजी २ डब्ल्यूए’ असा दर्जा शोधा. ‘आयएसओ १३००७’च्या तिसऱ्या भागानुसार ठरावीक मापाच्या नमुन्याने चार तासांत किती पाणी शोषावं याची मर्यादा साध्या सिमेंट ग्राउटला १० ग्रॅम आहे, ‘डब्ल्यू’ दर्जाला ५ आणि एपॉक्सीला ०.१. म्हणजे एपॉक्सी सरस आहेच. जमिनीला, सतत ओल्या राहणाऱ्या कोपऱ्याला ते जरूर घाला. पण भरताना घाई होते, टाइलवर राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर कायमचा बसतो. सरावलेला हात मिळत नसेल, तर निदान भिंतीला त्या वाटेला जाऊ नका.

‘एपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग’ असंही छातीठोक सांगतात. अजिबात नाही. वॉटरप्रूफिंगचा थर टाइल्सच्या मागे, आधी करायचा असतो. ओल पलीकडच्या खोलीत उतरली तर सांधे उकरून ती थांबत नाही.

पांढरं सिमेंट स्वस्त पडतं, पण आक्रसून त्याला केसासारख्या भेगा जातात. टाइलला टाइल भिडवली की सांधाच नको, हेही चूक: तिथे ग्राउट आत शिरत नाही, पाणी शिरतं. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात कुठलंच ग्राउट नको, सिलिकॉन भरा. ग्राउट कालवताना पाणी सैल हाताने ओतू नका. पिशवीवर लिहिलेलं माप पाळा, आणि पाणी पिण्याचं घ्या. खारट पाण्याने सांध्यावर पांढरी बुरशीसारखी पूड फुटते.

हाताशी पैसे मोजकेच असतील तर ते आधी टाइल्समागच्या वॉटरप्रूफिंगला द्या. भिंत साध्या साबणाने धुवा, आंघोळीनंतर वायपर मारा म्हणजे ओघळच धरणार नाहीत. आणि ॲसिडची बाटली घरात आणू नका. लिंबू-व्हिनेगरही नको, तीही आम्लंच.