खारवट की चोपण? माती परीक्षणाचा निर्णय

सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस व मिरज आणि सातारा जिल्ह्यातील कराड या तालुक्यांत कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनी पाण्याचा अतिवापर व निचऱ्याचा अभाव यांमुळे ठिकठिकाणी बिघडल्या आहेत. उसाची उगवण विरळ होते, रान पांढरे पडते आणि अखेर पडीक टाकावे लागते. अशा वेळी सरसकट जिप्सम टाकण्याकडे कल असतो. परंतु बिघाड एकाच प्रकारचा नसतो व तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याकरिता मातीचे रासायनिक पृथक्करणच करावे लागते. १९३२ साली स्थापन झालेल्या पाडेगाव (ता. फलटण) येथील ऊस संशोधन केंद्राने कालव्याखालील जमिनींचा असा अभ्यास फार पूर्वीच केला आहे.

प्रयोगशाळेत माती सावलीत वाळवून, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात व तीन गोष्टी पाहतात. पहिली, सामू. दुसरी, विद्युत वाहकता. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी वीज त्यातून अधिक वाहते. तिसरी, मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम. ते अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने सोडवून फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत फवारतात. चुलीत मीठ पडले असता ज्योत पिवळी होते, तेच हे तत्त्व होय. पिवळ्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून सोडियम मोजले जाते.

संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक, परंतु विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या आत व सामू ८.५ हून कमी असल्यास जमीन खारवट समजावी. चर काढून गोड्या पाण्याने धुतल्यास ती सुधारते. जिप्समचा खर्च व्यर्थ जातो. वाहकता ४ हून कमी, पण सोडियम १५ टक्क्यांहून व सामू ८.५ हून अधिक असल्यास ती चोपण होय. वाहकता व सोडियम दोन्ही अधिक असल्यास जमीन खारवट-चोपण ठरते. अशी जमीन नुसत्या पाण्याने धुतल्यास क्षार निघून जातात, सोडियम मात्र राहते. कण विस्कटून छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. म्हणून चोपण व खारवट-चोपण जमिनींत आधी जिप्सम, मग पाणी, हाच क्रम ठेवावा.

जिप्सम किती द्यावे, हेही प्रयोगशाळाच ठरविते. थोडी माती जिप्समच्या संपृक्त द्रावणात घुसळून गाळतात व उरलेले कॅल्शियम मोजतात. जितके कमी भरले, तितके मातीने घेतले. त्यावरून हेक्टरी मात्रा काढतात. कॅल्शियमने हुसकलेले सोडियम चरातून बाहेर जावयास हवे. निचरा नसेल, तर जिप्समचा उपयोग होत नाही.

नमुनाच चुकला, तर पृथक्करण अचूक असूनही सल्ला चुकतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ०–१५, १५–३० व ३०–६० सेंटिमीटर खोलीचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. बिघडलेल्या व चांगल्या भागांची माती एकत्र करू नये. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नये. प्रत्येक पिशवीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व खोली लिहिलेली चिठ्ठी घालावी. जिप्समची खरेदी अहवाल हाती आल्यावरच करावी.