डी ड्राइव्ह म्हणजे वेगळा ड्राइव्ह नव्हे!

घरचा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला असेल, तर त्यात सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह बहुतेक असणारच. असेंबल करणारा माणूस न विचारताच ते पाडून देतो. सी मध्ये विंडोज, डी मध्ये ‘इम्पॉर्टन्ट’ नावाचं फोल्डर आणि ई मध्ये सिनेमे, अशी वाटणी ठरलेली. ए आणि बी कुठे गेले, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. ती अक्षरं फ्लॉपीसाठी होती. १९८३ साली आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिला पुढचं अक्षर मिळालं, सी. फ्लॉपी गेली, अक्षर राहिलं.

पण हे तीन ड्राइव्ह खरे तीन नसतात. ती एकाच डिस्कची पार्टिशन्स असतात. वन रूम किचनमध्ये मधोमध पडदा लावला की दोन खोल्या झाल्यासारखं वाटतं, तसंच हे. विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तर डी वाचतो, हे खरं. पण छप्परच गळायला लागलं तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी येणार. डिस्क गेली की सी, डी, ई तिघंही एकदमच जातात.

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, एक व्हीएमसी, आणि काम सगळं चाकणच्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या मोठ्या व्हेंडरचं. त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कस्टमरची ड्रॉइंग्ज, मशीनचे प्रोग्राम, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि टॅली, सगळं एकाच डिस्कवर होतं. दुरुस्तीवाला दर वेळी सांगायचा, “डेटा डी मध्ये आहे ना, मग बिनधास्त राहा.” मागच्या वर्षी डिस्क टकटक वाजायला लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. ड्रॉइंग्ज कस्टमरकडून पुन्हा मागता आली. पण सेटरने फीड-स्पीड जमवत जमवत सुधारलेले प्रोग्राम कोणाकडून मागणार? काही मशीनच्या मेमरीत सापडले, बाकीचे पुन्हा लिहावे लागले. ट्रायलमध्ये किती जॉब रिजेक्ट झाले ते मामा अजून ऐकवतो.

त्याने नंतर एक छोटा डेस्कटॉप घेतला, सेकंडहँड. ऑफिसं मशीन बदलतात तेव्हा हे ‘टायनी’, ‘मायक्रो’ किंवा ‘मिनी’ प्रकारचे डबे बाजारात स्वस्त मिळतात. आकार साधारण एक लिटर, म्हणजे जाड डिक्शनरीएवढा. मॉनिटरच्या मागे लावता येतो, टेबलावर जागा राहते. घेताना आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर बघावा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्याआधीच्या पिढ्यांवर चालत नाही (सातव्या पिढीतले एकदोन अपवाद सोडून).

एवढ्याशा डब्यात दोन वेगळे ड्राइव्ह बसतात का? बहुतेकांत बसतात. मदरबोर्डवर एक एम.२ स्लॉट असतो आणि वर एका अडीच इंची साटा ड्राइव्हची जागा. साडेतीन इंची मोठी हार्ड डिस्क मात्र विसरा. जागेचा प्रश्न आहेच, शिवाय तिला १२ व्होल्टही लागतात आणि आतली साटा वायर बऱ्याचदा फक्त ५ व्होल्ट देते.

एम.२ च्या बाबतीत नीट बघा. ही पट्टी सहसा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब असते, म्हणून तिला २२८० म्हणतात. पण एम.२ हा फक्त आकार झाला. आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडकतं, तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरचं चांगलं एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जातं. स्लॉट कोणता प्रकार घेतो हे मॅन्युअलमध्ये बघूनच खरेदी करा. अडीच इंची ड्राइव्ह ७ मिमी जाडीचाच घ्या. आणि सेकंडहँड डब्यात त्याचा ट्रे आणि छोटी केबल आहे ना, ते दुकानातच झाकण उघडून बघा. नेमकं तेच बऱ्याचदा गायब असतं.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आधी फक्त एम.२ लावून त्यावर विंडोज टाका, डेटाचा ड्राइव्ह जोडूच नका. दोन्ही जोडलेले असले तर इन्स्टॉलर कधी कधी विंडोज एकावर आणि बूटची फाइल दुसऱ्यावर ठेवतो. मग पुढे डेटाचा ड्राइव्ह काढला की मशीन सुरूच होत नाही, आणि आपण वेगळं केलेलं पुन्हा एकमेकांत अडकतं. विंडोज सुरू झालं की मशीन बंद करून दुसरा ड्राइव्ह लावायचा. नवा कोरा असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी निवडा, एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि अक्षर द्या. मग डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदललं की फाइली आपोआप तिकडे जातात. लिनक्सवाल्यांनी एफएसटॅबमध्ये ड्राइव्हचा यूयूआयडी लिहावा, कारण एसडीए, एसडीबी ही नावं बदलू शकतात.

डेटासाठी हार्ड डिस्क की एसएसडी? शेजारी पॉवर प्रेस असेल तर एसएसडीच, कारण तिच्यात फिरणारं काही नाही आणि हादऱ्यांचा त्रास नाही. पण एसएसडी अनेकदा न सांगता मरते. हार्ड डिस्क निदान कण्हते तरी!

म्हणजे दोन ड्राइव्ह झाले तरी काम संपलं नाही. आता विंडोज मेलं तर डेटा वाचेल, पण डेटाचा ड्राइव्ह मेला तर डेटा जाईलच. दोन्हीवर एकच माल ठेवणारं रेड १ हा काही बॅकअप नाही, एकीकडे चुकून डिलीट केलेलं दुसरीकडेही त्याच क्षणी डिलीट होतं. त्यामुळे तिसरी प्रत डब्याबाहेर हवी. ती यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवलेली बरी, कारण एसएसडी फार दिवस विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला चार्ज हळूहळू उतरू शकतो.

मामाकडे गुरुवारी सुट्टी असते. म्हणून बुधवारी संध्याकाळी कॉपी करायची, डिस्कची वायर काढायची आणि ती घरी न्यायची, असं ठरलंय. सध्या ती आमच्याकडे मामीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असते.