पोहण्याचे पाणी कोणाचे?

परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या आपल्या औरंगाबादेत, उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. स्केटिंग, कराटे, नाट्य, चित्रकला, संस्कार वर्ग आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेले जलतरण. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पोराला पाण्याइतकी ओढ कशाचीच नसते. ज्याच्या बापाच्या खिशात महिन्याच्या बॅचची फी, पोशाख, चष्मा, टोपी आणि ने-आण करायला गाडी आहे, ते पोर निळ्या फरशीच्या तलावात उतरते. भीमनगर-भावसिंगपुऱ्याचे, मुकुंदवाडीचे, रमानगरचे पोर कुठे उतरते? ते विहिरीत उतरते, खदानीत उतरते, शेततळ्यात उतरते, जायकवाडीच्या कालव्यात उतरते. त्यातले एखादे वर येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते, 'बुडून मृत्यू'. तिथे विषय संपतो!

हा विषय आपल्या चळवळीने कधी गंभीरपणे घेतला नाही. पोहणे म्हणजे श्रीमंतांची हौस, आपल्यापुढे भाकरीचे, शिक्षणाचे, नोकरीचे प्रश्न आहेत, असे आपण म्हणतो. पण या देशात वर्षाला पस्तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. ही आकडेवारी सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या अशा मृत्यूंपैकी दहातले नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तेव्हा पोहता येणे ही हौस नाही, जगण्या-मरण्याची गोष्ट आहे.

आणि आपल्यासाठी ती जातीचीही गोष्ट आहे. खेड्यात पोहायला कोण शिकत असे? ज्याच्या मळ्यात विहीर, त्याचा पोरगा. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पांगऱ्याचा ओंडका बांधायचा, चुलत्याने वरून दोर धरायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचे. आठ दिवसांत पोर पोहायला लागते. ही शाळा फुकट होती, पण तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. ज्या समाजाला त्या विहिरीचे पाणी प्यायला वरून ओंजळीत वाढले जात होते, त्याच्या पोराला तिच्यात सूर मारू देणार कोण? नदीकाठच्या गावांत खालच्या अंगाचा डोह तरी वाट्याला आला. आमच्या मराठवाड्यात नदीच उन्हाळ्यात कोरडी! बापाला पोहता आले नाही, म्हणून लेकाला कोणी शिकवले नाही. पिढ्यान् पिढ्या हे असेच चालत आले.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल. त्याने जळगाव जिल्ह्यातले जामनेर तालुक्यातील वाकडी आठवावे. जून 2018 मध्ये मातंग समाजातली अल्पवयीन मुले एका शेतातल्या विहिरीत पोहली म्हणून त्यांना विवस्त्र करून मारले गेले, धिंड काढली गेली आणि त्याचे चित्रीकरण मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. उन्हाच्या काहिलीत पाण्यात उतरणे हा त्या लेकरांचा अपराध. त्या गावात त्यांच्यासाठी पोहण्याची दुसरी हक्काची जागा होती काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

आता आपल्या शहराकडे या. येथून पंधरा किलोमीटरवर देवगिरी किल्ला आहे. 1934 साली परमपूज्य बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला लहानसा हौद होता. काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच गलका झाला, हौद बाटवला म्हणून शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात जायला मिळाले ते एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात, आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून! गलका करणारे निजामाच्या राज्यातले मुसलमान होते. जातीचा विटाळ धर्माची वेस ओलांडून तिकडेही पोचला होता, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला. आज आपली माणसे सहलीला देवगिरीवर जातात, फोटो काढतात. त्या हौदाची गोष्ट किती जण मुलांना सांगतात?

महाडचे आपण सर्वांना सांगतो. पण महाडचा एक तपशील भाषणांत नेहमी सुटतो. चवदार तळे कोणाच्या खाजगी मालकीचे आहे असे बाबासाहेबांनी धरले नव्हते. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि तरीही कोणी तिथे पाणी पिऊ शकत नव्हते. 20 मार्च 1927 चा सत्याग्रह हा कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात वापरण्याचा होता. पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि कोर्टाची लढाई थेट 1937 पर्यंत चालली. संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन भेदभावास मनाई आहे. अट एवढीच की ते पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशातून चाललेले असावेत किंवा जनतेच्या उपयोगासाठी असावेत. सिद्धार्थ उद्यानाशेजारचा महापालिकेचा जलतरण तलाव या व्याख्येत बसतो. तथागतांचे मूळ नाव धारण करणारा हा तलाव या शहराच्या करातून उभा आहे. झोपडपट्टीतला माणूस साबण घेताना, पेट्रोल भरतानाही कर देतोच.

तेथे जात विचारत नाहीत, हे खरे. फी विचारतात. फी, वेळ, पोशाख, अर्जावरची सही आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र, एवढ्या पायऱ्या चढून वर पोचणारे पोर कोणत्या वस्तीतले असते ते पाहून घ्यावे.

अमेरिकेत काय झाले, पाहा. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे पोहण्याचे तलाव वेगळे होते. कोर्टाने हा भेद बेकायदा ठरवल्यावर नगर प्रशासनाने काय करावे? तलावच बंद करून टाकले! काळ्यांबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा गोऱ्या पोरांनाही पाणी नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1971 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल लागला, कारण तलाव सर्वांनाच बंद होते म्हणून भेदभाव झाला नाही म्हणे! त्याच्या सात वर्षे आधी, जून 1964 मध्ये, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन येथे एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले तेव्हा मालकाने त्या पाण्यात अ‍ॅसिड ओतले होते. आपल्याकडे महाडनंतर तळ्यात शेण-गोमूत्राचे 108 घडे ओतले होते. माल वेगळा, बुद्धी तीच. आणि परिणाम? अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2014 च्या अहवालानुसार पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचे प्रमाण 5 ते 19 वयाच्या काळ्या मुलांत गोऱ्यांच्या साडेपाच पट होते. आजोबाला पाण्यात उतरू दिले नाही, त्याची किंमत नातू देतो. आपल्याकडे अशी जातवार मोजणी कोणी केली आहे काय?

यावर उत्तर ठरलेले असते. ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही, तिथे पोहण्याचे लाड कशाला? हिशेब करू. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तेचाळीस टँकर. पण ते रोज बदलत नाहीत. गाळून, क्लोरीन टाकून तेच पाणी फिरवतात, बाष्पीभवनाने उडाले तेवढे वरून घालतात. आणि पाण्याची ओरड व्हायचीच असेल तर ती खाजगी क्लबांच्या आणि मोठ्या हॉटेलांच्या तलावांपासून का सुरू होऊ नये? काटकसर नेहमी सार्वजनिक तलावालाच का सुचते?

बरे, निळी फरशी पाहिजेच असेही नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून चार ते बारा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवण्याचा कार्यक्रम सुमारे वीस वर्षांपासून चालला. पंचवीस मीटर पोहणे, तीस सेकंद पाण्यावर तरंगून राहणे आणि बुडणाऱ्याला पाण्यात न उडी मारता काठी-दोर देऊन कसे ओढावे, एवढाच अभ्यासक्रम. त्याने हजारो लेकरे वाचली. आमच्याकडे मे महिन्यात तळी आटतात आणि शेततळ्यात उतरू देणे म्हणजे मरणाला बोलावणे. त्याचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. म्हणून इथे महापालिकेचाच तलाव उपयोगाचा. दिवसातला एक तास महापालिका शाळांच्या मुलांसाठी बिनफीचा ठेवावा, एवढी मागणी फार मोठी आहे काय?

थोडे घरचेही बोलू. चौदा एप्रिलला आपल्या गल्लीगल्लीत डीजे लागतो. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात वस्तीतल्या किती मुलांची महिन्याची जलतरणाची फी भरली गेली असती, हे प्रत्येक जयंती मंडळाने आपल्या वहीत लिहून पाहावे. मे महिन्यात विहाराविहारांतून श्रामणेर शिबिरे, बालधम्म शिबिरे होतात. फार चांगले काम आहे. त्यातला एक पंधरवडा मुलांना रांगेने तलावावर नेले तर धम्माला काही बाधा येणार नाही.

आणि मुलींचे काय? आपण सावित्रीमाईंचे, माता रमाईंचे नाव घेतो. पण आपल्या वस्तीतल्या किती मुलींना पोहता येते? धुणे धुताना पाय घसरून पडलेली बाई आणि तिला वाचवायला उतरलेली लेक, दोघी जातात, अशा बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात येतात. मुलींसाठी वेगळी वेळ, महिला प्रशिक्षक आणि सलवार-कुर्त्यासारख्या अंगभर पोशाखाला मुभा, या तीन गोष्टी अर्जात लिहाव्या लागतील. नाहीतर आई पोरीला पाठवणार नाही. अर्ज आयुक्तांच्या नावे करावा, त्याची पोच घ्यावी आणि तो मार्चमध्येच द्यावा. एप्रिल उजाडला की बॅचेस भरलेल्या असतात.