डोळे लिहिताना

पोळा परवावर आलाय. चतुर्थीला आठवडाही उरलेला नाही, आणि नागपूरच्या महालातल्या चितारओळीत ताडपत्रीवर पाऊस वाजतोय. हॅलोजनचा दिवा मूर्तीच्या पाठीवर रोखलाय; या दमट हवेत रंग वाळायचं नाव घेत नाही. सात फुटी गणपतीचं पितांबर, सोंड, दागिने सगळं झालंय. डोळे तेवढे नाहीत.

चितारीकाका स्टूल सोडून जमिनीवर बसलेत, मान वर करून. ब्रश कोरडाच. मंडळाचा पोरगा घाईला आलाय.

"काका, कधी होईन हो?"

"चबुतरा कितीक उंच आहे तुमचा?"

"असंन चार फूट."

"मंग थांब ना बा. लोकं खालून पाहतीन."

हा हिशोब मला नवा. बुबुळ मधोमध काढलं तर देव लोकांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहील. म्हणून ते खालच्या पापणीकडे सरकवायचं, वरची पापणी जराशी जड करायची. कल्पनेतली कला म्हणजे मनाला येईल ते, असं आपण धरून चालतो. इथे सोंड, मोदक, चार हात सगळं आधीच ठरलेलं. मोकळीक उरते ती चार बोटं जागेत. काका आत्ता मनात आणतायत ती मांडवातली गर्दी. याच शहरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करत, बाकीचा काळ चित्र मनात मुरू देत. त्यांना चतुर्थी गाठायची नव्हती, एवढाच फरक.

"पंखा बंद कर बे!"

काका स्टुलावर चढतात. आधी भुवया, प्रत्येकी एका दमात. मग पापणीची रेघ. उजवा डोळा काढताना ते डाव्याकडे बघतच नाहीत. खाली उतरून, पोरगा उभा आहे तिथे जाऊन, दोन्ही एकदम तपासतात. परत वर. शेवटी पांढरा ठिपका. पोरगा मोबाईल खिशात घालतो.

मागे काकांचा पुतण्या बडग्याचं मुंडकं रंगवतोय. मारबती आणि बडगे हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवायचे पुतळे. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची; बडग्या मात्र दरसाल नवा, कधी महागाईचा तर कधी भ्रष्टाचाराचा. इथे शास्त्र आडवं येत नाही, तरी पुतण्यानं गणपतीसारखेच शांत, खाली झुकलेले डोळे काढलेत. सवय, दुसरं काय.

काका ब्रश हिसकावून घेतात. एक बुबुळ नाकाकडे, दुसरं थेट कानाकडे.

"यानं कोनाकडंच धड नाही पाहिलं पाहिजे."

"याचे किती देऊ, काका?" बडग्यावाला विचारतो.

"काही नको. तेरवा जाळाचंच आहे त्याले."