चक्रवाकाचा संसार

चक्रवाक हे बदककुळातले मोठे, देखणे रानबदक. तांबूस-नारिंगी अंग, फिकट डोके, काळी चोच, काळे पाय आणि उडताना दुरूनही ठळक दिसणारे पंखांवरचे पांढरे पट्टे, ही त्याची ओळख. पालास या निसर्गतज्ज्ञाने १७६४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आग्नेय युरोपापासून मंगोलियापर्यंत, तसेच तिबेट-लडाखच्या पठारांवर त्याची वीण होते. थंडीत तो उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरतो. हिमालय ओलांडताना त्याने ६,८०० मीटरपर्यंत उंची गाठल्याची नोंद आहे.

खरी नवलाई त्याच्या जोडी जमण्यात आहे. इथे पुढाकार मादीचा असतो आणि सुरुवात चक्क भांडणाने होते. काठावर चरताना परका चक्रवाक जवळ आला, की मादी मान लांब करते, डोके जमिनीलगत आणते आणि कर्कश ओरडत त्याच्यावर धावून जाते. थोडे अंतर गेल्यावर तिचा धीर सुटतो. मग ती मागे फिरून नराच्या आडोशाला येते, पण परक्याकडे मान रोखून ओरडणे थांबवत नाही. नर मान ताठ करतो, ओरडतो आणि त्या परक्याला पिटाळून लावतो. या वर्तनाला पक्षिशास्त्रात ‘चिथावणी’ म्हणतात. भीती आणि राग यांच्या ओढाताणीतून जोडीचे नाते घट्ट होते. पक्ष्यांच्या प्रणयात इतके बोलके दृश्य क्वचितच सापडेल.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी बदकांच्या अशा हालचालींचा तौलनिक अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चक्रवाकाच्या कुळात मादीची मान शत्रू असेल त्या दिशेला वळते. मॅलार्ड बदकाच्या मादीत मात्र हीच हालचाल ठरीव होऊन बसली आहे. शत्रू समोर उभा असला, तरी तिचे डोके खांद्यावरून मागेच वळते, डोळे मात्र शत्रूवर खिळलेले असतात. एकेकाळच्या खऱ्या भांडणाचा असा विधी बनतो, हे लोरेंझ यांच्या अभ्यासातले सर्वांत मोलाचे सूत्र म्हणावे लागेल.

मीलन पाण्यात होते. त्याआधी दोघे आंघोळ करावी तशी डोकी पाण्यात बुडवतात. मीलनानंतर नर एक पंख उचलतो आणि जोडी ओरडू लागते.

चक्रवाक-चक्रवाकी रात्री नदीच्या दोन काठांवर विरहात तळमळतात, असा कविसंकेत आहे. प्रत्यक्षात हे पक्षी बरेचदा रात्रीच चरतात आणि परस्परांना साद घालत राहतात. जोडी सहसा वर्षानुवर्षे टिकते. रात्रीची ती हाक विरहाची नसून सोबतीची असते, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

विणीच्या काळात नराच्या गळ्याभोवती काळी कडी उमटते. घरटे कड्यातल्या कपारीत, झाडाच्या ढोलीत किंवा बिळात असते. सुमारे आठ अंडी मादी एकटीच चार आठवडे उबवते, नर जवळपास पहारा देतो. पिल्लांचा सांभाळ दोघे करतात. साधारण ५५ दिवसांत पिल्ले उडू लागतात आणि दुसऱ्या वर्षी वयात येतात. विणीत शेजारीही खपवून न घेणाऱ्या या जोड्या पिसे झडण्याच्या काळात थव्यात सामील होतात. तेव्हा सुमारे महिनाभर त्यांना उडता येत नाही. नवी पिसे आल्यावर थवे दक्षिणेकडे निघतात.