सोयाबीन पिवळं पडलं, दोष कुणाचा?

माधवनगरच्या आसपास सोयाबीनवर तणनाशक मारून आठवडा झाला, की शेंडे पिवळे दिसू लागतात. बांधावरचं निदान ठरलेलं: औषधानं रानातलं लोह खाल्लं. लगेच कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली येते.

गैरसमज : तणनाशकानं जमिनीतलं लोह-जस्त संपतं.

हिशेब करून बघा. इमॅझेथापायर एकरी 400 मिली मारलं, तर मूळ घटक पडतो 40 ग्रॅम. एकरभर मातीच्या वरच्या थरात लोह टनांनी असतं. एवढ्याशा औषधानं ते काय बांधलं जाणार? हे औषध अमिनो आम्लं तयार करणारं विकर रोखतं. तण त्यानं मरतं. सोयाबीनला मात्र ते पचवता येतं, म्हणून झाड थोडं थबकतं आणि आठ-पंधरा दिवसांत सावरतं.

लोह अडवतो तो चुना. कृष्णाकाठच्या कित्येक काळ्या रानांत चुनखडी आहे, सामू 8 च्या वर. जुलैत पाणी साचलं की मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाजवळ असलेलं लोहही झाडाला घेता येत नाही.

फरक डोळ्यांनी ओळखता येतो. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि तेही पाणथळ किंवा पांढरट पट्ट्यातच, तर लोहाची कमतरता. पिवळेपणा फवाऱ्याच्या ओळीनं, वळणावर जिथं दोनदा फवारा पडला तिथं जास्त, तर औषधाचा चटका. त्यावर बाटली ओतणं म्हणजे पैसे वाया. झाड आपणहून सावरतं आणि श्रेय बाटलीला जातं.

गैरसमज : ग्लायफोसेटनं आपल्या सोयाबीनमधलं मँगनीज घटतं.

हा वाद अमेरिकेतला. ग्लायफोसेट धातूंना बांधतं हे खरं, पण तिथं ते जनुक बदललेल्या उभ्या सोयाबीनवर मारतात. भारतात तसल्या वाणाच्या लागवडीला परवानगी नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले फुले संगम, फुले किमया या वाणांवर ग्लायफोसेट पडलं तर पीकच जळेल. उलट बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमच त्याला पंपात बांधून ठेवतात आणि बांधावरचं गवत तसंच राहतं.

गैरसमज : लोह कमी पडलं तर हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकला की झालं.

चुनखडीच्या रानात तो लवकरच न विरघळणाऱ्या रूपात जातो. फवारणीच बरी: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 25 ग्रॅम चुना, गाळून. तणनाशकाच्या पंपात मात्र मिसळू नये. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवावं, वाफसा येऊ द्यावा.

तणनाशक अगदी निर्दोष आहे असं नव्हे. तण हाताबाहेर गेलं म्हणून दीडपट मात्रा मारली, की मुळांवरच्या गाठींना फटका बसू शकतो. वर पाऊस कमी पडला तर इमॅझेथापायरचा अंश मातीत उरतो.  म्हणून सोयाबीनच्या बेवडावर बीट किंवा कोबी घेणाऱ्यानं आधी लेबल वाचावं.